तीन होस्टिंग, एक चर्चेची साईट अन् आमचे संत्रेवाले

राम राम राजेहो. लय दिवसाचं लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सकाळपासून लाईन नाही, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून मोबाईलवरच टाईप करून राहिलो. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका. गेल्या आठवड्यात दोघांचे फोन आले, एक हिंगणघाटकडचे कापूसवाले अन् एक गोंदियाकडचे धानवाले, का भाऊ आमालेही तुमच्यासारखी चर्चेची साईट काढायची हाय, होस्टिंग (म्हणजे साईट ठेवायची इंटरनेटवरची भाड्याची जागा) कोणतं घेऊ. सांगता सांगता अर्धा तास गेला तरी अर्धं राहिलंच. तर हे घ्या. मी तीन होस्टिंग वापरले, तिन्हीचे पैसे खिशातून गेले, म्हणून बोलायचा हक्क हाय.

आधी साईट काय ते सांगतो. आमचं गाव वरुड तालुक्यात, माझी दोनशे झाडं संत्र्याची अन् चौकात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. २०१९ मधे आमचा संत्रेवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, तेव्हा ग्रुपमधे २५६ च जण बसत (आता १०२४ बसते), अन् रोज सकाळी तोच प्रश्न, पानं पिवळी पडून राहिली काय करू. कोणी चांगलं उत्तर दिलं का संध्याकाळपर्यंत ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जाते. मग पुढच्या वर्षी तोच माणूस तोच प्रश्न. म्हणून म्हटलं अशी जागा पाहिजे जिथं डिंक्या वेगळा, कोळशी वेगळी (हे संत्र्यावरचे रोग), आंबिया बहाराची फळगळ वेगळी, अन् तीन वर्षांमागचं उत्तरही शोधलं का सापडलं पाहिजे. पीएचपीबीबी नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर हाय, २००० सालापासूनचं, दिसायले जुनाट पण कोणत्याही साध्या होस्टिंगवर चालते, ते टाकलं.

पहिलं होस्टिंग म्हणजे जाहिरातीतलं. नाव नाही घेत. महिन्याले शंभर रुपयाच्या आत, जागा अनलिमिटेड, बँडविड्थ अनलिमिटेड, सगळंच अनलिमिटेड. अट एवढीच का तीन वर्षाचे पैसे आज भरा. भरले. वरून १८ टक्के जीएसटी, तो जाहिरातीत कोणी दाखवत नाही.

सहा महिने एकदम मस्त चाललं, कारण सदस्यच साठ होते! खरी मजा पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात आली. आठ दिवस झड लागलेली, सगळ्यांच्या बागेत आंबियाची फळगळ सुरू, झाडाखाली नुसता सडा. एका भावानं हातावर गळलेलं फळ ठेवून देठाजवळचा काळा डाग दिसन असा फोटो टाकला, अन् तो सगळीकडं फिरला का याच्यावर साईटवर चर्चा चालू हाय. रात्री नऊ वाजता जो तो साईट उघडून राहिला, अन् साईटवर काय, पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरात ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. मी इकडं चॅटवर बसलो. तिकडून उत्तर, सर तुमची साईट जास्त रिसोर्स वापरून राहिली, प्लॅन अपग्रेड करा. म्हटलं भाऊ अनलिमिटेड घेतलं ना मी. तर म्हणे सर ते स्टोरेज अनलिमिटेड हाय.

इथंच खरी गोम हाय, अन् तीन वर्षाचे पैसे देऊन मी ती शिकलो. मंडीचं आवार दहा एकर असलं तरी वजनकाटा एकच असला तर गाड्यांची लाईन रस्त्यापर्यंत लागते का नाही, तसंच हे. शेअर्ड होस्टिंगमधे एका मशीनवर शेकडो साईटी बसवलेल्या असतात अन् प्रत्येकीले काटा वापरायची मर्यादा लावलेली असते. सीपॅनलमधे (होस्टिंग सांभाळायचं पान) उजव्या बाजूले एंट्री प्रोसेस म्हणून एक आकडा दिसते, माझ्याकडं तो २० होता. म्हणजे एका वेळी वीसच पानं बनवायचं काम चालू शकते, एकविसाव्याले ५०८. साधी दुकानाची साईट असली तर तयार पान उचलून द्यायचं असते, त्याले वीस पुरून उरते. चर्चेची साईट तशी नसते, इथं प्रत्येक माणसाले प्रत्येक वेळी डेटाबेसमधून नवीन पान बनवून द्यावं लागते, याचं लॉगिन, याच्या न वाचलेल्या गोष्टी, कोण ऑनलाइन हाय, सगळं. तर होस्टिंग घेतांना जीबी विचारू नका, एका वेळी किती प्रोसेस अन् किती रॅम ते विचारा. त्यानं सांगितलं नाही तर समजून जा.

अन् जीबीचा हिशोब तर करूनच पाहा. मराठीचं एक अक्षर, काना-मात्रा-अनुस्वार वेगळा धरून, कॉम्प्युटरात तीन बाईट घेते. ‘संत्रा’ शब्द म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाईट. पाचशे चिन्हांचा एक मेसेज म्हणजे दीड हजार बाईट. असे एक लाख मेसेज झाले तरी दीडशे एमबी. एवढं तर लग्नाचे चार व्हिडिओ होतात. जागा खातात ते फोटो, कारण आपली लोकं पानावरच्या एका डागाचा चार एमबीचा फोटो टाकतात, तोही हललेला. ते सेटिंगमधून मोठ्या फोटोले मर्यादा लावली का भागते. बरं अनलिमिटेडमधे फायलींच्या संख्येचीही मर्यादा असते, अडीच लाख वगैरे, ती पार खाली बारीक अक्षरात.

तीन वर्षं कशीबशी काढली. मग रिन्यूअलचं बिल आलं अन् मी दोनदा चष्मा पुसला. पहिल्या तीन वर्षाले जेवढे दिले त्याच्या अडीचपट. घेतांना रिन्यूअलचा भाव लिहिलेला असते, आपणच पाहत नाही, ही चूक माझी. पण त्याच्याच आधी एक दिवस न सांगता त्यांनी सर्व्हरची पीएचपी (ज्या भाषेत माझं सॉफ्टवेअर लिहिलेलं हाय ती) बदलून आठ केली, माझं सॉफ्टवेअर जुन्या व्हर्जनचं, अख्खा दिवस साईटवर पांढरं पान, ही चूक माझी नाही. पाचापैकी दोन स्टार. ते दोन यासाठी का चॅटवर माणूस रात्रीही भेटत होता, अन् सीपॅनलमधून पूर्ण बॅकअप एका बटणावर डाउनलोड होत होता. या दुसऱ्या गोष्टीची किंमत मले मागाहून समजली.

दुसरं होस्टिंग आपल्याच माणसाचं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक जण दुसऱ्याकडून सर्व्हर घेऊन किरकोळीत विकते, त्याले रिसेलर म्हणतात. ओळखीतून गेलो, चहा पाजला, म्हणे दादा टेन्शन घेऊ नका, रोजचा बॅकअप राहते, काही झालं का मले फोन करा, मराठीतच बोलू. मराठीत बोलू हे ऐकूनच मी विरघळलो. पैसेही वर्षाचेच, यूपीआयवर. अन् खोटं नाही सांगत, साईट पहिल्यापेक्षा झपाट्यानं चालायची, कारण त्याच्या मशीनवर गर्दी कमी.

तक्रारी सुरू झाल्या फेब्रुवारीत. आमच्याकडं शेतीची थ्री फेजची लाईन आठवड्यातून काही दिवस रात्रीची असते. म्हणजे माणूस रात्री बारा वाजता मोटर चालू करून धुऱ्यावर शेकोटी करून बसलेला, हातात मोबाईल, डोक्याले मफलर. आमच्या साईटवर सगळ्यात जास्त वाचन रात्री अकरा ते दोन होते, हे मी आकडे काढून पाहिलेलं हाय. अन् हा भाऊ मेंटेनन्स करायचा रात्री बारा ते तीन! विचारलं तर म्हणे, ‘दादा, त्या टायमाले कोण जागं राहते?’ म्हटलं, ‘अर्धा तालुका जागा हाय बाप्पा, मोटरीपाशी बसून हाय.’ हसला. टाईम काही बदलला नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या सर्व्हरची डिस्क गेली. फोन बंद. चार दिवस बंद! पाचव्या दिवशी उचलला अन् म्हणे बॅकअप हाय ना दादा, संध्याकाळपर्यंत लावतो. संध्याकाळी साईट उघडली, माझ्या तर जिवात जीव आला, सगळे विषय जागच्या जागी, नावं, तारखा, फोटो सगळं. मग एक विषय उघडला.

????? 19:19:19 ???? 5 ????? ???? ???? 15 ?????

अख्खी साईट अशी. जिथं जिथं मराठी होती तिथं प्रश्नचिन्हं. ‘संत्रा’ च्या जागी मोजून सहा प्रश्नचिन्हं. खताचे अन् डोसाचे आकडे तेवढे वाचले, कारण लोकं आकडे इंग्रजी कीबोर्डचे टाकतात. किती ग्रॅम ते दिसून राहिलं, कशाचं ते गेलं. झालं काय होतं का रोजचा बॅकअप घेणारा त्याचा जो प्रोग्राम होता त्याची सेटिंग लॅटिन वन नावाच्या जुन्या लिपीच्या साच्यात होती. त्या साच्यात देवनागरी बसतच नाही, मग न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तो प्रश्नचिन्ह टाकते. म्हणजे बॅकअप रोज निघत होता, प्रामाणिकपणे, अन् रोज प्रश्नचिन्हांचाच निघत होता. त्याच्यातून परत मराठी निघत नाही, कोणीच काढू शकत नाही, मी नागपूरपर्यंत विचारून आलो.

माझ्याजवळ दोन महिन्यांमागं स्वतः काढून ठेवलेली एक फाईल होती, त्यावर साईट परत उभी केली. मधले दोन महिने गेले ते गेलेच. एका काकाजींनी डिंक्याच्या बोर्डो मलमाच्या पूर्ण चर्चेचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, ते त्यांच्या नातीनं बसून परत टाईप केले. रिसेलरनं वर्षाचे पैसे परत दिले, हे मी मान्य करतो. तरी एक स्टार.

तेव्हापासून माझा नियम हाय का बॅकअप दर रविवारी स्वतः काढायचा, दुकानच्या कॉम्प्युटरवर अन् एका पेनड्राईव्हवर ठेवायचा, अन् फाईल उघडून त्यात ‘संत्रा’ हा शब्द शोधायचा. सापडला तर तो बॅकअप. कोणतंही होस्टिंग घ्या, पहिल्याच दिवशी विचारा का डेटाबेस अन् फायली मले स्वतःले केव्हाही उतरवता येते का, अन् डेटाबेस यूटीएफ८एमबी४ मधे (मराठी अन् इमोजी दोन्ही बसतात तो साचा) हाय का. एवढा मोठा शब्द पाठ नाही झाला तर लिहून न्या. साध्या यूटीएफ८ मधे मराठी बसते, पण मायएसक्यूएलच्या त्या जुन्या प्रकारात तीनच बाईटची जागा असते अन् इमोजीले चार लागतात, अन् आपली लोकं हात जोडल्याशिवाय मेसेज सुरू करत नाहीत.

आता तिसरं, जे दोन वर्षापासून चालून राहिलं. हा व्हीपीएस हाय. म्हणजे मशीनचा आपला वेगळा तुकडा, रॅम आपली, काटा आपला. मी डिजिटलओशनचा घेतला, त्यांचं एक डेटा सेंटर बंगळुरूत हाय म्हणून. माझ्या मोबाईलवरून तिथं जाऊन यायले साठ-सत्तर मिलिसेकंद लागतात, पहिल्यावाल्याचा सर्व्हर अमेरिकेत होता तिथं पावणेतीनशेच्या वर जायचे. फोर जी ची एकच काडी असली का हा फरक जाणवते. आमचे काकाजी मात्र नाराज, ‘आपल्या संत्र्याची गोष्ट बंगलोरात नेऊन कायले ठेवली बे? नागपूरले जागा नोयती का?’

भाव सांगतो. १ जीबी रॅमचा महिन्याले ६ डॉलर, आठवड्याचा बॅकअप चालू केला का त्याच्या २० टक्के आणखी, अन् सगळ्यावर जीएसटी. साडेआठ डॉलर धरा, आपले साडेसातशेच्या आसपास रुपये. वर्षाचे नऊ हजार अन् डोमेनचे, म्हणजे साईटच्या नावाच्या पत्त्याचे, वेगळे. आमच्यातले पन्नास जण दोनशे दोनशे रुपये काढतात, एका फवारणीत याच्यापेक्षा जास्त वाहून जाते. १ जीबीत पीएचपीबीबी आरामात चालते, वरून मी २ जीबीची स्वॅप फाईल करून ठेवली, रॅम भरली तर डिस्कचा कोपरा वापरायची सोय. मागच्या फळगळीत एकदाही ५०८ नाही. लोडही अर्ध्यावरच होता.

पण सगळ्यांनी व्हीपीएस घ्या असं मी म्हणत नाही. इथं सीपॅनल नाही, काळा पडदा अन् त्यावर कमांड टाईप करायच्या. अपडेट तुम्ही, सुरक्षा तुम्ही, रात्री पडला तर उठणारे तुम्ही. मी शिकलो कारण दुपारी दुकान रिकामं असते. तुमच्याकडं असं पोट्टं नसन, किंवा असन पण ते पुण्याले नोकरीले जाणार असन, तर चांगल्या शेअर्डवरच राहा. शे-दीडशे सदस्यांले ते पुरते, फक्त एक वर्षाचेच पैसे भरा.

दोन गोष्टींनी मले इथंही रडवलं. एक पैसे भरणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं डेबिट कार्डावर बाहेरदेशाचे व्यवहार बँकेच्या ॲपमधून आपणच चालू करावे लागतात, अन् ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कटणाऱ्या पैशाचे नियम कडक झाले, तर ऑटो-पे च्या भरवशावर राहू नका. माझं कार्ड दोनदा नाही म्हटलं, शेवटी भाच्याच्या कार्डावरून भरले. आता सहा महिन्याचे पैसे आधीच खात्यात टाकून ठेवतो.

दुसरं ईमेल. नवीन सदस्याले खातं चालू करायचा मेल जाते, पासवर्ड विसरला का मेल जाते, अन् आपली लोकं पासवर्ड दर आठवड्याले विसरतात. शेअर्डवर तासाले इतकेच मेल अशी मर्यादा असते. व्हीपीएसवर तर मेलचा २५ नंबरचा पोर्टच बंद असते, स्पॅमवाल्यांमुळं, त्यात त्यांचं चूक नाही. मग मी ब्रेवो नावाची सेवा जोडली, दिवसाले ३०० मेल फुकट. सोबत डोमेनमधे एसपीएफ अन् डीकेआयएम च्या दोन ओळी टाकाव्या लागतात, मेल खरंच आपल्याच डोमेनचा हाय हे पटवायले, २०२४ पासून जीमेल त्यातली एक तरी असल्याशिवाय मेल नीट घेतच नाही. एवढं करून जीमेलमधे मेल पोचते, पण आमचे अर्धे सदस्य जीमेल उघडतच नाहीत, त्यांचं खातं मीच चालू करून देतो अन् पासवर्ड फोनवर सांगतो. याच्यावर कोणत्याही होस्टिंगवाल्याजवळ इलाज नाही.

डिस्कोर्स नावाच्या चर्चेच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बरेच जण विचारतात. २०१४ मधे त्याचं पहिलं पक्कं व्हर्जन आलं, दिसायले एकदम आधुनिक, शोधही चांगला. पण साध्या शेअर्डवर ते बसतच नाही, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात ठेवून चालवायचं साधन) लागते, रॅम कमीत कमी १ जीबी तीही स्वॅप लावून, अन् नीट चालवायचं तर २. मी लावून पाहिलं. माझ्या फोनवर मस्त, काकाजींच्या सात वर्षं जुन्या फोनवर गोल चक्र फिरतच राहिलं. परत पीएचपीबीबी. आधी सॉफ्टवेअर ठरवा मग होस्टिंग, उलटं केलं का फसता.

एक गंमत सांगतो. मधे एक दिवस साईटवर ‘सदस्य ४, पाहुणे ३१२’ दिसून राहिले. मले वाटलं आपण गाजलो. पाहिलं तर सगळे बॉट, शोधवाले अन् एआयवाले, साईटचं पानन् पान ओढून नेणारे. डोमेन क्लाउडफ्लेअरच्या (साईटच्या पुढं उभं राहून अशी गर्दी अडवणारी सेवा) फुकटच्या प्लॅनमागं टाकलं तेव्हा लोड उतरला. खोटी खाती काढणाऱ्यांसाठी नोंदणीत प्रश्न ठेवला, जानेवारी-फेब्रुवारीत फुटणाऱ्या बहाराचं नाव काय. बॉट एकही पास झाला नाही. पण पहिल्याच दिवशी तीन खरे शेतकरीही नापास, कारण त्यांनी ‘अंबिया’ लिहिलं अन् मी उत्तर ‘आंबिया’ ठेवलं होतं. आता दोन्ही चालतात.

डोमेन .भारत घ्यायचं लय मनात होतं, २०१४ पासून देवनागरीत मिळते, पण कीबोर्ड बदलून पत्ता टाईप करा म्हटलं का अर्धी लोकं तिथंच थांबतात. साधं .इन घेतलं. डोमेन मात्र होस्टिंगवाल्याकडं ठेवू नका, वेगळीकडं स्वतःच्या नावावर ठेवा, म्हणजे भांडण झालं तर साईट उचलून दुसरीकडं नेता येते. मी दोनदा नेली.

तर तिसऱ्याले पाचापैकी चार. एक कापला तो पैसे भरण्याच्या कटकटीचा, अन् त्यांच्या मदतीवाल्यांशी सगळं इंग्रजीतच लिहावं लागते त्याचा.

साईटवरच्यांसाठी सूचना, सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन टाकायचं हाय, त्यासाठी येत्या मंगळवारी साईट तासभर बंद राहीन. दुपारी दोन ते तीन. रात्री मोटरीवर बसणाऱ्यांनी काळजी करू नये.